निशाणाला सलाम

इस्तंबूल बंदर, ऑक्टोबर १९२३

तीर्थरूप आईस,
सातासमुद्रापलीकडून आत्मारामाचा दंडवत.

कड्यावरच्या गणपतीच्या कृपेने मी बरा आहे. थंडी आहे, पण सौ. गोदूने शिवलेली गोधडी पुरते. खोकला पुष्कळ कमी झाला. तुझे गुडघे कसे आहेत?

काल इथे अपूर्व गोष्ट पाहिली. इथली लढाई थांबून पाच वर्षं झाली, तरी जिंकलेल्या साहेबांचं लष्कर शहरात ठाण मांडून होतं. आमचा सारंग, म्हणजे आम्हा खलाशांचा मुकादम, म्हणतो, लढाई थांबते बंदुकीने, मिटते तहाने. तो तह आषाढात झाला आणि काल लष्कर आमच्या आगबोटीवर चढलं. चढण्याआधी मोठमोठ्या साहेबांनी धक्क्यावर ताठ उभं राहून तुर्कांच्या निशाणाला सलाम केला. काय तो थाट! गर्दीतले म्हातारे रडत होते. मीही नकळत टोपी काढली.

तेव्हा भांडणात आपण अडवलेली धाकट्या काकांची पडवी आठवली. भांडण मिटलं, देवळात नारळ ठेवला, तोच आपला तह. पण त्यांच्या पडवीत साठवलेलं भात अजून आपलं आणि दाराला कुलूपही आपलंच.

रागावू नको हो. भात हलव, पडवी सारवून दे आणि किल्ली काकूच्या हातात ठेव. निघताना त्यांच्या उंबऱ्याला नमस्कार कर.

तू म्हणशील, आपण का वाकायचं? अगो, इथे जिंकलेले वाकले. आपण तर जिंकलोही नव्हतो, नुसते थोरले होतो.

तुझा,
आत्माराम