लुसाकाला मीच जाणार

३ मार्च २०२५, सोमवार. एर्लांगेन.
आफ्रिकेतल्या लुसाकाचं प्रोजेक्ट आलं! तिथल्या एका प्रसूतिगृहाच्या छतावर सोलर पॅनेल आणि तळघरात मोठ्ठी बॅटरी. शहराची वीज धरणावर, आणि पाऊस दगा देतो. कधीकधी दिवसचे दिवस लाइट नाही. साइटवर सहा महिने कोण जाणार ते आमचे साहेब, हेर ब्राउनर, ३० एप्रिलला सांगणार. दोनच नावं आहेत, मी आणि वेदांग. वेदांग अठ्ठावीस वर्षांचा, पुण्याचा, घरी इन्व्हर्टर. मी जळगावचा. अख्खी बारावी लोडशेडिंगमध्ये काढली. निकाल लागल्यात जमा आहे.
संकल्प: तिथल्या इंजिनियर मुटालेबाईंना दर आठवड्याला फोन करायचा. पुढच्या आठवड्यापासून.

९ मार्च
बाईंची मेल आली. सोळा प्रश्न! इतके प्रश्न पडतातच कसे? माझं ड्रॉइंग पाहिलं की आपोआप सुटतील. उत्तर दिलं नाही. वेदांग मात्र त्यांच्याशी रोज तासतासभर फोनवर असतो. काम करतो कधी कोण जाणे.

१६ मार्च, रविवार
भन्नाट आयडिया. बाल्कनीत एक पॅनेल लावलं, दोन युनिटची बॅटरी आणली. पुढच्या शनिवार-रविवारी अख्खं घर ह्यावरच चालवायचं. मग ब्राउनरना सांगता येईल की मी लुसाका जगून बघितलंय. सुरुचीने विचारलं, हाउसफेरवाल्टुंगची, म्हणजे बिल्डिंगच्या व्यवस्थापनाची, परवानगी घेतली का? बायकोला मोठं चित्र दिसत नाही. फॉर्म नंतर भरू.

२२ मार्च, शनिवार
सकाळी ७.००. मेन स्विच बंद. फ्रिज, राउटर, केटल बॅटरीवर. हिशोब चोख.
७.१५. ईप्सिता उठली. म्हणाली, पापा, मुस दास झाइन? म्हणजे, हे करायलाच हवं का? मराठीत विचार म्हटलं, तर दार आपटून गेली.
८.००. आभाळ. पॅनेल शांत.
८.५०. बॅटरी संपली. काहीतरी मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट असणार.
९.०५. डिफेक्ट सापडला. सासूबाई. तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या आहेत. गुडघ्यांसाठी खोलीत हीटर लावून बसल्या होत्या, सात वाजल्यापासून. माझ्याच एक्स्टेंशनवर! मी म्हटलं, आई, हा लोड माझ्या यादीत नव्हता. त्या शांतपणे म्हणाल्या, अहो रुपेशराव, विचारलं असतंत तर सांगितलं असतं.
९.१०. मेन स्विच चालू. दोन दिवसांच्या प्रयोगाचा महत्त्वाचा टप्पा समाधानकारकरीत्या पार पडला.
संध्याकाळी हाउसफेरवाल्टुंगचं पत्र. पॅनेल काढा.

१ एप्रिल
पिवळ्या तापाची लस घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारून आलो. ते म्हणाले, प्रवासाची तारीख? मी म्हटलं, तशी ठरलेलीच आहे.

७ एप्रिल
ड्रॉइंग पूर्ण. दोनशे बारा पॅनेल्स, सगळी एका ओळीत, सगळी दक्षिणेकडे तोंड करून. जळगावात माझ्या काकांचा सोलर बंब दक्षिणेकडे, इथे एर्लांगेनमध्ये अख्खी गल्ली दक्षिणेकडे. ह्याला अनुभव म्हणतात. वेदांगने आत डोकावून विचारलं, मी एकदा बघू का? मी म्हटलं, नको, शीक आधी.

१० एप्रिल, गुरुवार
व्हिडिओ मीटिंग. ब्राउनर, वेदांग, पलीकडे मुटालेबाई. बाई फार सभ्य. म्हणाल्या, ड्रॉइंग अतिशय सुबक आहे, फक्त आमच्याकडे वर्षातला बहुतेक काळ सूर्य उत्तरेला असतो.
वेदांग टेबलाकडे बघत बसला.
मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर! कुणाच्या लक्षात येतंय का तेच बघत होतो.
बाई म्हणाल्या, आलं. मेलमधला दुसरा प्रश्न तोच होता.

११ एप्रिल
विषुववृत्त ओलांडलं की दिशा बदलते हे शाळेत शिकवतच नाहीत. (ईप्सिता म्हणते, चौथीत होतं. हेही जर्मनमध्ये म्हणाली.)

२९ एप्रिल
अजूनही मलाच पाठवतील. चूक करून शिकलेला माणूस जास्त भरवशाचा असतो. शिवाय उत्तर दिशा आता मला वेदांगपेक्षा जास्त पक्की माहीत आहे.

३० एप्रिल, बुधवार
वेदांग.
मुटालेबाईंनीच त्याचं नाव सुचवलं म्हणे. कारण तो विचारतो.
ब्राउनर दिलदार माणूस. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, तुमच्यामुळे कंपनीचा फायदा झालाय. प्रत्येक साइटच्या चेकलिस्टमध्ये आता पहिली ओळ असणार: 'दुपारी सूर्य कुठल्या दिशेला असतो? तिथे राहणाऱ्या माणसाला विचारा.' ऑफिसात ह्या ओळीला सगळे 'रुपेश' म्हणतात. वेदांग सोमवारी निघतोय. चेकलिस्ट त्याच्या बॅगेत आहे.
म्हणजे नाव तरी चाललंय लुसाकाला.
सुरुचीला हेच हसत हसत सांगायला गेलो आणि तोंडून भलतंच निघालं: मला खरंच जायचं होतं. सासूबाई आतून म्हणाल्या, हीटर लावलाय, इकडे येऊन बसा. गेलो.