अध्यक्षांना समजलेली कोलामी

यवतमाळ, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलं आहे. आज आमच्या आरोग्य संस्थेच्या वेबसाइटचं उद्घाटन झालं. मराठी, हिंदी आणि कोलामी, अशी तीन बटणं. कोलामीचं हिरवं. रंग अध्यक्षांनी निवडला. त्यांनी काम केलं ते एवढंच.

साप चावल्यावर काय करायचं, ते पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, भीमाबाईंनी मला दोन दिवस बसून कोलामीत सांगितलं. मी एकेक वाक्य लिहिलं, त्यांना वाचून दाखवलं, साइटवर चढवलं. पण अध्यक्षांच्या मंजुरीशिवाय पान दिसत नाही. आणि ते म्हणतात, "मले जे समजत नाही, ते मी मंजूर कसं करू?" मग भीमाबाईंना विचारा ना! पण बाईला विचारतील तर अध्यक्ष कसले?

मंजुरी नसली की साइट त्या जागी मराठी पान दाखवते. तीनदा सांगितलं होतं त्यांना. ऐकतो कोण?

आज माइक धरून त्यांनी ते हिरवं बटण दाबलं. पडद्यावर मराठी पान आलं. या माणसानं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "पाहा, कोलामी किती सोपी आहे! मले सारी समजली." टाळ्या! सगळ्यांना मराठी येतं, तरी टाळ्या!

पहिल्या रांगेतल्या भीमाबाई माझ्याकडे वळल्या. "पोरी, माह्यं सांगितलेलं कुठं आहे?"

आणि मी, अध्यक्षांना एवढी नावं ठेवणारी? मीही त्या हिरव्या बटणाकडेच बोट दाखवलं.