डिफरन्शियल नव्हतं, क्रॉस होता

बाबा, तुम्ही चुकला होतात. खडवलीच्या गुरुजींच्या जीपचं मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल गेलेलं नव्हतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता सांगायला हरकत नसावी. शीळफाट्याचं गॅरेज मीच चालवते. सुरुवातीला लोक मला बघून "मिस्त्री कुठंयत?" विचारायचे, आता सरळ चावी हातात देतात. काम मला तुमच्याइतकं येतं, आणि काही बाबतीत तुमच्याहून बरं. रागावू नका.

गेल्या आठवड्यात गुरुजी ती जीप दोर लावून ओढत घेऊन आले. "तुझे बाबा म्हणाले होते, डिफरन्शियल गेलंय, फिरवू नका. तेव्हापासून उभीच आहे. आता मुलगा भंगारात देतोय. त्याआधी एकदा तू बघ गं." गाडीवरून हात फिरवत बोलत होते. मला तो दिवस लख्ख आठवला. तुम्ही गुरुजींच्या शेजारी डोळे मिटून बसता. गुरुजी पहिला गिअर टाकून क्लच सोडतात, ठक्क. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतात, पुन्हा ठक्क. एक फेरी मारून तुम्ही उतरता आणि निकाल देता. तुमचा निकाल झाला की गाडीखाली जायची आपल्याकडे पद्धतच नव्हती. एकदा मी टॉर्च घेऊन सरकले होते, तर पाय धरून बाहेर ओढलंत. "अगं, मी काय येडा हाय का?" हसत म्हणालात, पण मला लागलं होतं.

या वेळी मी आधी खालीच गेले. चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रल केला. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे फिरता सांधा असतो. त्याच्या दोन बाजू दोन हातांत धरून उलटसुलट पिळलं. मागचा घट्ट. पुढच्याची एक बाजू हलली, दुसरी जागची हलेना, आणि आला तोच ठक्क. कडेला तांबडी पूड साचलेली; ग्रीस तिथपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. शाफ्ट होता तसाच परत बसावा म्हणून सोडवण्याआधी खूण केली, ही शिकवण तुमचीच. नवा क्रॉस बसवला, ग्रीस भरलं, इतकी वर्षं उभ्या गाडीला नवी बॅटरी आणि ताजं इंधन घातलं. डिफरन्शियलचं तेलही बघितलं, त्यात लोखंडाचा कण नव्हता.

गुरुजी कल्याण रोडला जाऊन आले ते एखाद्या पोरासारखे हसतच. "अगदी गप्प चालतेय गं. म्हणजे तुझे बाबा चुकले?"

"हो, चुकले."

"बाप असून पटकन म्हणालीस."

म्हणाले खरी. पण त्या दिवशीच्या फेरीत मी मागच्या सीटवर होते, बाबा. डिफरन्शियल असतं तर आवाज माझ्या खालून आला असता. तो पुढून येत होता, स्वच्छ. तुम्हाला ऐकू कमी येतंय हे मला तोवर कळलं होतं, तुम्ही ते लपवताय हेही. मी बोलले असते तर तुम्ही खाली जाऊन बघितलं असतंत, आणि मग गुरुजींसमोर तुमचा चेहरा कसा झाला असता ते मला बघवलं नसतं. म्हणून गप्प बसले, आणि त्यांची जीप इतकी वर्षं उभी राहिली. गुरुजींपुढे मात्र मी तुमच्या एकट्याचंच नाव घेतलं.