पाटावरची किल्ली

तीर्थरूप बाबांना,
शलाकाचा रोमहून नमस्कार.

मी मजेत आहे. इथे कुकर मिळाला, वरणभाताची सोय झाली. आईचा गुडघा कसा आहे?

तिने फोनवर कौतुकाने सांगितलं, आपल्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहीपर्यंत कमिटीची निवडणूक नाही, अध्यक्ष तुम्हीच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. "मुदत किती?" विचारणाऱ्या दळवीकाकांना मात्र खाली बसवलं.

काल इथले जुने अवशेष पाहिले. संकट आलं की रोमचे लोक सगळा कारभार एकाच माणसाच्या हाती द्यायचे, पण फार तर सहा महिने. पुढे सीझरला तो जन्मभरासाठी दिला. त्याचा खून झाला, तरी लोकांचं राज्य काही परत आलं नाही.

दरवर्षी तुम्ही कमिटीच्या ऑफिसची किल्ली गणपतीपुढच्या पाटावर ठेवायचात, मगच नवी निवड व्हायची. यंदा ती खिशातच राहिली ना?

बाबा, तुम्ही एका पैशाला हात लावणार नाही, हे सगळ्या चाळीला ठाऊक आहे. म्हणून तर कोणी विचारत नाही. पण तुमच्यानंतर जो बसेल, तो मुदत विचारणाऱ्याला तुमचंच नाव सांगेल.

रागावून जेवण टाकू नका. दळवीकाकांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या घरी जाऊन सांगा.

तुमचीच,
शलाका