नाथाला हाक मोठ्यानं मारा

आबा,

नाथाचं हातरुण रिकामं बगून आई घाबरंल, तवा ही चिठ्ठी तिला आदी वाचून दावा, आन मोठ्यानं वाचा. नाथाला मी शेंगाच्या वावरात न्हेतीया.

घटसर्पात दवाखान्यात त्येच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली, तवापासनं त्यो कुजबुजतोय. भोक कवाच बुजलं. डाक्टर म्हनला आवाज यील, पर त्येच्यासंगं आपलं समदं घरच कुजबुजाया लागलं. सुभेदार असून तुमीबी!

आज त्येनं बसल्या जागी टोपलीतल्या शेंगा मागितल्या. माजं डोस्कं फिरलं. मी वरडले, "उठून घे की, पाय मोडल्यात व्हय रं?"

तर त्यो वरडला, "म्हशे!"

घोगरा, पर लय मोठा. कुडापल्याडनं रंगूकाकीनं इचारलं, "कोन पावणा आलाय गं तुमच्यात?"

आता दारात हुबा ऱ्हाऊन मला शिव्या देतोय. वावरात कितीबी वरडू दे. आईला म्हनावं, पळत यिऊन त्येला कडंवर घिऊ नगंस. बांधावरनं तुमी परेडीवानी हाक मारा. त्येची ओ ऐकल्याबिगर म्होरं पाऊल टाकू नगा.

अंबू