सोनीची पाच पिल्लं

कोरगाव, पेडणे
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. गौरवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल. फोनवर तू हल्ली हो-ना यापलीकडे बोलत नाहीस. प्रमोदराव शेजारीच बसलेले असतात वाटतं. म्हणून आपली जुनी पत्राची सवयच बरी.

तुझी भाची नऊ वर्षांची झाली. वाढदिवसाला तिला कुत्र्याचं पिल्लू हवं होतं, आणि तिच्या बापाला नाही म्हणता येत नाही हे तुला ठाऊकच. म्हापशाच्या बाजारात एक माणूस टोपलीत लॅब्राडोरची पिल्लं घेऊन बसला होता. पाच मिनिटांत घेऊनही टाकलं. पेरूच्या फोडीवर झडप घातली म्हणून ऋतिकाने नाव ठेवलं पेर. तुझी वहिनी त्याच्यावर ओरडते आणि मग चोरून दूध पाजते.

पण शनिवारपासून पेर खाटेखाली जाऊन बसलाय. पाण्याची वाटी पुढे केली की मागे सरतो, आवाजही घोगरा झालाय. काल ऋतिकाने त्याला बाहेर ओढलं तर बोटाला कडकडून चावला. रक्त आलं. वहिनी घाबरली, पण मी तिला पिल्लाचं कार्ड दाखवलं. रेबीजचं इंजेक्शन दिल्याची तारीख आहे, डॉक्टरचा शिक्का आहे, मग भीती कसली?

त्या कार्डाची एक गंमत. त्यावरच्या सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ आहे. पोर्तुगीज शाळेत शिकलेले आपले आजोबा काढत, आणि त्यांचं पाहून तू काढतेस, तशीच. वहिनीला म्हटलं, गौरवी कुत्र्यांची डॉक्टर झाली आणि आम्हाला पत्ता नाही!

चार ओळी तरी लिही. माया आहेच, ती कागदावरही येऊ दे.

तुझा,
सगुणदादा

*

साखळी
बुधवार, १३ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं आणि शेजारच्या दीपाकडे धावले. तिच्या फोनवरून तुला एवढंच सांगितलं, की ऋतिकाला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात ने, कार्डावर विश्वास ठेवू नकोस. नेलंस ना? नेलं नसशील तर हे पत्र खाली ठेव आणि आधी ऊठ.

दादा, ते कार्ड मीच लिहिलंय.

मागच्या शेडमध्ये आम्ही कोंबड्या ठेवतो असं तुला सांगितलं होतं, ते खोटं. खाण बंद पडून खनिज वाहणारा ट्रक विकल्यावर यांनी तिथे कुत्र्या आणल्या. अकरा आहेत. उभं राहता येणार नाही असे पिंजरे, वर पत्रे. एक वेत झालं की लगेच पुढचं. शिक्का यांनी करून आणला. त्या नावाचा डॉक्टर कुठेच नाही. हे तारखा सांगतात, मी लिहिते. पहिल्या खेपेला मी हे बरं नव्हे असं म्हटलं, तर यांनी ताट भिरकावलं. त्यानंतर म्हटलं नाही.

तुझं पिल्लू त्यातल्या सोनीचं. चवथीच्या आठवड्यात शेडच्या मागून कोल्हा शिरला आणि तिच्या तोंडाला चावला. पिल्लं तेव्हा चार दिवसांची होती. यांनी जखमेवर हळद लावली, दुसरं काही केलं नाही. ऑक्टोबरात ती एकाएकी बदलली. गज चावायची, लाळ गळायची, स्वतःच्या पिल्लांना फाडायला धावायची. तीन दिवसांत गेली. नाल्याकाठी तिला पुरून हे घरी आले, आणि त्याच आठवड्यात पाचही पिल्लं यांच्या विक्रीच्या माणसाच्या टोपलीत बाजारात गेली. मला सगळं दिसत होतं. मी कार्डं लिहीत बसले.

आत्ता हे बाहेर गेलेत म्हणून लिहितेय. मोटारसायकलचा आवाज आला की पेन थांबतं. सोनीला शेवटपर्यंत मी हाताने पेज भरवत होते. माझ्या बोटांना तिचे दात लागले होते, पण ते कुणाला सांगू?

ऋतिकाला माझा पापा दे. माझ्यावरची माया उरली असेल तर उत्तर दीपाच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
गौरवी

*

कोरगाव
शनिवार, १६ नोव्हेंबर

चि. गौरवीस आशीर्वाद.

तुझा फोन आला तसं तिला गाडीवर घालून नेलं. जखम साबणाच्या पाण्याने बराच वेळ धुतली, जखमेच्या कडेने इंजेक्शनं दिली, दंडात वेगळं. पोर किंचाळत राहिली, मी तिचा हात धरून ठेवला. डॉक्टरांनी कार्ड बघितलं आणि एवढ्या लहान पिल्लाला हे इंजेक्शन देतच नाहीत, एवढंसुद्धा ठाऊक नाही का, असं मला विचारलं.

पेर गुरुवारी गेला. काल तपासणीचा निकाल आला. रेबीजच. मी आणि वहिनीनेही इंजेक्शन घेतलं. ऋतिकाचे अजून तीन डोस राहिलेत. ती पाणी प्यायला लागली की आम्ही दोघं तिच्या घशाकडे बघत राहतो. काल तिला ठसका लागला, तर वहिनीच्या हातातली बाल्दी सुटली.

तुझ्यावर रागावलोय, खोटं कशाला बोलू. पण शाळेत एवढी वर्षं शिकवणारा मी, टोपलीतलं जिवंत पिल्लू भाजीसारखं उचललं. त्याची आई कुठे आहे, कशी आहे, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

आता ऐक. तुझ्या बोटांना दात लागले असतील तर आज, हे पत्र वाचून झाल्यावर लगेच हॉस्पिटलात जा. दिवस फार गेले म्हणून घरी बसू नकोस. आणि गो, उरलेली चार पिल्लं कुठे गेली? त्या घरांतही पोरं असतील. प्रमोदरावांची तुला वाटते ती भीती मला कळते. मी येतो, तू फक्त हाक मार.

तू सुखरूप असल्याचं कळेपर्यंत आम्हाला घास गोड लागायचा नाही.

तुझा,
सगुणदादा

*

वाळपई
मंगळवार, १९ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

हॉस्पिटलाच्या बाकावर बसून लिहितेय. दीपा सोबत आहे.

काल तुझं पत्र मिळालं आणि इंजेक्शन घेतलं. आज सकाळी हे आंघोळीला गेले तेव्हा विक्रीच्या माणसाने यांना पाठवलेले गिऱ्हाइकांचे नंबर यांच्या फोनमधून उतरवून घेतले आणि दीपाच्या घरी बसून एकेकाला फोन लावला. मी गौरवी, तुमच्या पिल्लाचं कार्ड मी खोटं लिहिलंय, असं थेट सांगितलं. एका बाईने मला शिव्या घातल्या, मग रडायला लागली, मग इंजेक्शन कुठे मिळेल ते विचारलं. तीन घरं सापडली. एक पिल्लू मेलेलं, दोन जिवंत आहेत, पण आजारी. सगळ्यांना हॉस्पिटलात पाठवलंय.

मग गुरांच्या दवाखान्यात गेले आणि तिथून पोलिसांत. काय काय लिहिलं ते सगळं सांगून खाली सही केली. ते लोक शेडवर आले तेव्हा हे माझ्याकडेच रोखून बघत होते. या बाईला घरात पाऊल टाकू देणार नाही, असं सगळ्यांदेखत म्हणाले. कुत्र्या गाडीत चढवत होते. त्यातल्या एकीला उन्हात डोळे उघडता येत नव्हते.

पाचव्या पिल्लाचा नंबर नव्हता. वाळपईला बाजाराच्या मागे, एवढंच ठाऊक होतं. दुपारच्या बसने आलो आणि दारोदार विचारत फिरलो. शेवटी एका आजीने सांगितलं, पिल्लू होतं, परवा मेलं, परसात पुरलं. कुणाला चावलं का, असं विचारलं तर ती नाही म्हणाली. पण दाराआडची तिची नात हात पाठीमागे लपवत होती. सात वर्षांची असेल. मी खाली बसून तिला म्हटलं, मलासुद्धा चावलंय, बघ, आणि माझी बोटं दाखवली. मग तिने हात पुढे केला. मनगटावर दोन ठिपके, खपली धरलेले. आई मारेल म्हणून आठ दिवस तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ती आता आत आहे. डॉक्टरीण म्हणाल्या, आज आणलंत ते बरं केलंत. मग कागदावर आठ दिवस असं लिहून त्याखाली रेघ ओढली. आत्ता आतून तिची किंकाळी ऐकू आली आणि आजीने माझा हात धरला. मी कोण, हे तिला अजून सांगितलेलं नाही. पोर बाहेर आली की सांगणार आहे.

शेवटची बस सहाला आहे. पेडण्याला यायला रात्र होईल, दार उघडं ठेव.

तुझी,
गौरवी