आप्पांनी शेवटी बोलायचं

कोथरूड, पुणे
१२ जुलै २००१

ति. प्रज्ञेशदादास,
सविनय जयभीम. वि. वि.

आप्पा कसे आहेत, विचारतोस. उत्तम आहेत, सोसायटीचे चेअरमन आहेत ना! सोसायटी मात्र काविळीने आडवी झालीय. समोरच्या श्यामलाताईंची पायल इस्पितळात ग्लानीत पडून आहे. मीटिंगमध्ये आप्पांनी आल्याआल्या जाहीर केलं की मुलं बाहेरची पाणीपुरी खातात, आपलं पाणी स्वच्छ आहे. मग कुणी तोंडच उघडलं नाही. नोकरीभर साहेबांशी बोलण्याच्या हक्कासाठी भांडलेले आपले वडील हे! मी त्यांच्यापुढे चहाचा कपसुद्धा आपटून ठेवते. तुमच्या कंपनीत म्हणे सगळे मिळून अडचणी सोडवतात. मग सुचव काहीतरी.

रागातही माया राखून असलेली,
पूर्वा

बंगळूर
१७ जुलै २००१

चि. पूर्वास,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलला होता, पण आप्पांशी भांडणच झालं असतं, म्हणून ठेवला. आमच्याकडेही साहेब आधी बोलला की बाकीची डोकी बंद पडायची. त्यावरून भांडणं झाली, तेव्हा कुठे नियम ठरला. प्रत्येकाने आधी स्वतः पाहिलेलं सांगायचं, मत नंतर. साहेबाने सगळ्यांत शेवटी बोलायचं. माझं नाव मात्र सांगू नकोस, आप्पा ऐकायचे नाहीत. तुला मात्र ते घाबरतात. पायलचं कळव.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
दादा

कोथरूड
२६ जुलै २००१

ति. दादास,
सविनय जयभीम.

मीटिंगआधी आप्पांना म्हटलं, "आज तुम्ही शेवटी बोलायचं. नाहीतर मी सगळ्यांदेखत उठून जाईन." मीटिंगमध्ये त्यांनी आधी सगळ्यांना बोलू दिलं. हिंदुराव म्हणाले, केबलवाल्यांनी चर खणल्यापासून ड्रेनेजचं पाणी टाकीशेजारी साचतंय. बायडाबाईंकडे सकाळी पाण्याला वास येतो. आजारी मुलं सगळी त्याच टाकीवरच्या 'बी' विंगची, हे श्यामलाताईंनी इस्पितळात पाहिलं होतं. प्रत्येकाला आपापल्या घरापुरतं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी टाकी उपसली, तर भिंतीला हा एवढा तडा!

पायल घरी आलीय. आप्पा राजीनामा घेऊन श्यामलाताईंकडे गेले. ताईंनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. पाणी कडू लागतं, हे पायलने आजारी पडण्याआधीच सांगितलं होतं. तेच सांगायला ताई आपल्या दारात आल्या होत्या आणि आप्पांनी त्यांना वाटेला लावलं होतं. राजीनामा परत देत त्या एवढंच म्हणाल्या, "असं सुटायचं नाही. दर मीटिंगला समोर बसायचं आणि आमचं ऐकायचं."

आप्पा मान खाली घालून हो म्हणाले. माझा राग अजून गेलेला नाही.

लोभ असाच पत्रातून येऊ दे.
पूर्वा